पाणी काही पळून जात नाही

भाईंदर पूर्वेला, स्टेशनाजवळच्या फळवाल्यापाशी लीलाधर पाटील चिकू निवडत होता, तेव्हा शेजारी एक पोरगा येऊन उभा राहिला. पोराच्या टी-शर्टवर पिवळ्याजर्द अक्षरांत लिहिलं होतं, ‘थांब रे दत्ता! पाणी काही पळून जात नाही!’ खाली एका नवरदेवाचं चित्र. कपाळावर मुंडावळ्या, आणि खोटी मिशी एका बाजूनं सुटून वाऱ्यावर फडफडतेय. लीलाधरच्या हातातला चिकू दाबला जाऊन फुटला.

"अंकल, अब वो तो लेना पडेगा," फळवाला म्हणाला.

लीलाधरनं तो घेतला आणि दहा पावलांवर गटारात टाकून दिला. हात पुसला तरी चिकटपणा जाईना. घरी येऊन बायकोला, वैजयंताला म्हणाला, "आता कपड्यांवर आलंय. उद्या चड्डीवर छापतील."

वैजयंता हसली. लोकांना नवऱ्याचं कौतुक वाटतंय, तर याला पोटदुखी का, हे तिला कळत नव्हतं. कळणार तरी कसं? त्यानं बावीस वर्षांत तिलाही ते सांगितलं नव्हतं.

वास्तविक लीलाधर हा लग्नांचं शूटिंग करणारा माणूस. नवघरच्या नाक्यावर त्याचा स्टुडिओ होता, आणि त्या भागातली निम्मी जोडपी त्याच्याच कॅमेऱ्याकडे बघून लाजलेली आहेत. दुसऱ्यांची लग्नं टिपता टिपता चाळिशी आली आणि त्याला सिनेमा काढायची उबळ आली. हुंड्यावर कोरडे ओढणारा, शेवटी बायाबापड्यांना पदर डोळ्याला लावायला लावणारा, शहाणासुरता सिनेमा. नाव ‘ओहोटीची वरात’. एकशेबारा पानांचं स्क्रिप्ट त्यानं स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिलं. नट बाहेरून आणायची ऐपत नव्हती, म्हणून तो मामाच्या गावी, घोडबंदरला गेला. मामाचा थोरला मुलगा दत्ताराम नवरदेव झाला. बाकी वऱ्हाड कोळीवाड्यातलंच. माणसं हौशी, गळे मोकळे, आणि लाज कुणालाच नाही. आणखी काय हवं?

पण कोळ्यांच्या गावाचं घड्याळ खाडीत असतं, हे दिवसभर मंगल कार्यालयात घालवणाऱ्या लीलाधरच्या ध्यानातच आलं नाही. ओहोटी लागली की होड्या सुटणार, मग दारात दिग्दर्शक असो की खुद्द यमराज. बरं, पाण्याची वेळ रोज पाऊण तास पुढं सरकते, त्यामुळे शूटिंगचं वेळापत्रक म्हणजे नुसती थट्टा झाली. धक्क्यावरून हाक आली, की नट चालू वाक्य तोंडातच ठेवून पळायचा. कॅमेरा चालू असायचा. मग जो कुणी मागं राहिला असेल तो ते वाक्य पुरं करायचा. "आमच्या मुलाला आम्ही लहानपणापासून..." हे वरबापानं सुरू करावं आणि "...साबणाशिवाय धुतलं," असं आचाऱ्यानं संपवावं. नवरीचं काम तिघींनी केलं, त्यातल्या एकीच्या कडेवर मूल होतं. हुंडा कुठंतरी वाटेतच राहिला. गोष्ट म्हणून उरली ती इतकीच, की नवरदेव होडीनं लग्नाला निघतो आणि पोचत नाही.

सिनेमाचे नवघरच्या एका हॉलमध्ये चार खेळ झाले. पहिल्याला नातेवाईक आले, दुसऱ्याला पहिल्या खेळाला न आलेले नातेवाईक आले, तिसऱ्याला हॉलचा वॉचमन बसला, आणि चौथ्याला तोही बसला नाही. एका साप्ताहिकात चार ओळी आल्या: ‘दिग्दर्शकाला गोष्ट सांगायची घाई नाही, प्रेक्षकाला मात्र घरी जायची आहे.’ लीलाधरनं ते कात्रण फाडलं आणि पुन्हा लग्नं धरली.

मग हे भूत उठलं कुठून? तर केबलवाल्याकडून. त्याला दुपारच्या वेळी लावायला काही नसायचं. त्यानं ही सीडी लावली, ती सात-आठ वर्षं लावतच राहिला. खालच्या अंगाला साडी सेलच्या जाहिरातीची जाड पट्टी आणि वर ‘ओहोटीची वरात’. शाळेतून आलेली सगळ्या जातिधर्मांची पोरं वरणभात खात, खाकरा खात, पराठा खात तेच ते बघत मोठी झाली. ती पोरं आता तिशीला आली, हातात मोबाईल आले, आणि गाळात रुतलेलं सगळं वर आलं. त्यातला पुढारी निकेत. एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि उरलेल्या वेळात या सिनेमाची सेवा करायचा. त्यानं लीलाधरकडून मूळ टेप मागून नेली. "ने बाबा, आणि परत आणू नकोस," असं म्हणून लीलाधरनं ती दिली होती. निकेतनं ती साफसूफ केली. पूर्ण सिनेमा मोबाईलवर टाकायचा नाही, तो एकत्र जमूनच बघायचा, असा यांचा नेम. मोबाईलवर फक्त तुकडे, तेही उभे कापलेले, मधे नवरदेव आणि दोन्ही बाजू छाटलेल्या.

एका चष्मेवाल्या विद्वानानं तर चाळीस मिनिटं बोलून सिद्ध केलं की, अर्धवट तुटणारी वाक्यं म्हणजे आपल्या समाजातल्या संवादाचं विघटन आहे. ऐकून लीलाधरला मळमळलं. ‘अरे शहाण्या, विघटन कसलं? तो माणूस कोलंबीला गेला होता!’ पण हे कुणाला सांगणार? गाढवापुढे वाचली गीता, एवढंच झालं असतं.

मात्र मळमळ खरी होती ती एकाच गोष्टीची. शेवटच्या शॉटची.

चाळीस दिवस नटांनी पळापळ केली होती, आणि एकेचाळिसाव्या दिवशी लीलाधरनं ठरवलं की आज आपण दिग्दर्शक व्हायचं. संध्याकाळचं सोनेरी ऊन पडलं होतं. दत्ताराम मुंडावळ्या बांधून घोडबंदरच्या धक्क्यावर उभा होता. तेवढ्यात ओहोटी लागली. दत्तारामचा धाकटा भाऊ धनेश, बावीस वर्षांचा, होडीचा दोर सोडून त्याची वाट बघत होता. होडी दोघांची, जाळं दोघांनी ओढायचं, आणि त्या दिवशी वारा जोराचा. दत्ताराम निघायला लागला, तसा लीलाधर कॅमेऱ्यामागून ओरडला, "थांब रे दत्ता! पाणी काही पळून जात नाही!"

दत्ताराम थांबला. आतेभावाचा शब्द त्याला मोडवला नाही. चार मिनिटं तो खाडीकडे बघत उभा राहिला, आणि आधीच एका बाजूनं सुटलेली त्याची मिशी तशीच फडफडत राहिली. धनेश एकटाच गेला. दुसऱ्या दिवशी होडी उलटी सापडली, आणि तिसऱ्या दिवशी धनेश.

वर्षभरानं लीलाधरनं सिनेमा जुळवायला घेतला, तर शेवट म्हणून लावायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यानं तोच शॉट लावला, आवाजासकट. मनाशी म्हणाला, ही धनेशला श्रद्धांजली. खोटं होतं ते. जुळवताना त्यानं शॉटची सुरुवात पाहिली आणि शेवट पाहिला. मधलं बघायची त्याची छाती झाली नाही, आणि तेवढं कापून टाकायचीही झाली नाही. आता जगाला त्याच चार मिनिटांवर पोट धरून हसू येत होतं. त्या टी-शर्टवरचं वाक्य त्याच्याच तोंडचं होतं. दुसऱ्यांची किळस आली की माणूस तोंड फिरवू शकतो. स्वतःच्या आवाजापासून कुठं फिरवणार?

दत्ताराम त्याला कधी एका शब्दानं बोलला नाही. लग्नकार्यात भेटले की पान पुढं करायचा, बस. सिनेमा मात्र त्यानं बघितला नव्हता. घरात केबलवर लागला की तो उठून बाहेर जायचा.

निकेत आमंत्रण घेऊन आला, तेव्हा लीलाधरनं त्याला दारातच उभं ठेवलं.

"सर, संडेला चार वाजता. मीरा रोडला मॉलमध्ये पूर्ण थिएटर घेतलंय आपण. एक पण सीट खाली नाय. तुम्ही आणि दत्ताकाका स्टेजवर पाहिजेत. पब्लिक वेडी होईल, सर."

"वेडीच आहे ती. मी येणार नाही."

निकेतचं तोंड उतरलं. तो गेला, आणि संध्याकाळी दत्तारामचा फोन आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं आपण होऊन फोन केला होता.

"लीलू, त्या पोरांनी मना पन बोलावलंय. तू मना घेऊन जाशील का?"

"तुला कशाला बघायचंय ते? माकडं जमणार आहेत नुसती."

"डोल्यांत काचबिंदू हाय. डॉक्टर म्हनतो, हाय तेवढं बी जाईल. मोबाईलवर मना कायच दिसत न्हाय. मोठ्या पडद्यावर दिसंल. त्या दिसा मी धनेशकडंच बगत व्हतो. तो पन आला असंल ना त्यात? बाजूला? त्याचा एकच फोटो हाय घरात, शालेचा. त्यात नखाएवढा हाय तो."

शूटिंगच्या वेळी लीलाधरची नजर फक्त नवरदेवावर होती. शॉटच्या मधे काय आहे हे त्याला माहीतच नव्हतं. "नेतो," तो म्हणाला.

रविवारी तो दत्तारामला रिक्षानं घेऊन गेला, आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर पोचताच त्याला वाटलं, मागच्या मागं परतावं. तीनशे पोरंपोरी. सगळ्यांच्या कपाळाला मुंडावळ्या. पोरींनीसुद्धा अर्ध्या मिश्या चिकटवलेल्या. एक जण आचारी झाला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला साबण वाटत होता. हिना नावाची एक मुलगी धावत आली, "अंकल, आपके लिए स्पेशल!" आणि तिनं लीलाधरच्या गळ्यात सुक्या बोंबलांची माळ घातली. टाळ्या, शिट्ट्या. एसीच्या गारव्यात लोणी लावलेल्या पॉपकॉर्नचा वास आणि बोंबलांचा वास एकत्र होऊन त्याच्या नाकात शिरला. बोंबलाचं त्याला वावडं नव्हतं, जन्म त्यावर गेला होता. पण कुणाच्या तरी पोटाची भाकरी अशी गंमत म्हणून गळ्यात घालायची? त्यानं माळ काढून कचऱ्याच्या डब्यावर ठेवली. पोरांना तीही गंमतच वाटली. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

"सर, फर्स्ट रो तुमच्यासाठी ठेवलीय," निकेत म्हणाला.

"फुडं बसू," दत्ताराम म्हणाला.

"यांच्या पुढं? शोभेचे गणपती म्हणून?" लीलाधरनं त्याचा दंड धरला. "मागं बसायचं, दाराजवळ. डोकं फिरलं तर उठून जाता येईल. चल."

दत्तारामनं पुढच्या रांगेकडे एकदा पाहिलं, आणि तो लीलाधरच्या मागून शेवटच्या रांगेत जाऊन बसला.

दिवे गेले आणि धिंगाणा सुरू झाला. पडद्यावरचं वाक्य तुटलं की तीनशे तोंडांनी ते पुरं व्हायचं. साबणाच्या जागी खरेच साबण हवेत उडाले. तिसरी नवरी कडेवर मूल घेऊन आली, तेव्हा असा जल्लोष झाला की जणू आपल्याच घरचं बारसं आहे. लीलाधर दात आवळून बसला होता. आपण मरमर मरून जे नीट करायला गेलो, त्यातलं काहीच यांना नको. जे जे बिघडलं, तेवढं मात्र पाठ! वांत्या झालेल्या जागेवर कुणी फुलं वाहावीत, तसं त्याला वाटलं. दत्ताराम मात्र पुढं झुकून, डोळे बारीक करून, पडदा चाचपडत होता.

"आला का?" तो दर थोड्या वेळानं विचारायचा.

"अजून नाही."

मग सोनेरी ऊन आलं. धक्का आला. मुंडावळ्या बांधलेला दत्ताराम येऊन उभा राहिला, आणि त्याच क्षणी अख्खं थिएटर उठलं. हा त्यांचा रिवाज. चार मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं, कपाळाला हात लावून खाडीकडे बघितल्यासारखं करायचं. समोर पाठींची भिंत झाली. दत्तारामही धडपडत उठला, पण तो मुळात ठेंगणा, त्यात वयानं वाकलेला.

"लीलू, काय दिसत न्हाय."

लीलाधर खुर्चीवरून उठून ओरडला, "बसा! खाली बसा रे!"

कुणी वळलंसुद्धा नाही. तेवढ्यात पडद्यावरून त्याचाच आवाज आला, बावीस वर्षांपूर्वीचा, आणि तीनशे जणांनी त्याच्यावर आपला आवाज चढवला, "थांब रे दत्ता! पाणी काही पळून जात नाही!"

"बसा, भडव्यांनो!"

समोरच्या रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं, आवाज ओळखला, आणि आनंदानं किंचाळले. पुन्हा तेच वाक्य, आणखी मोठ्यानं. टाळ्या. लीलाधरनं शेजारच्या पोराचा खांदा धरून खाली दाबला, तर त्यानं हसून त्याच्याबरोबर सेल्फी काढला. असं करता करता चार मिनिटं गेली, सिनेमा संपला आणि दिवे लागले.

"दिसला?" लीलाधरनं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"पाठी दिसल्या," दत्ताराम म्हणाला. तो खाली बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. आवाजात राग नव्हता. "मी फुडं बसनार व्हतो. तू मागं बस म्हनलास, बसलो. तवा थांब म्हनलास, थांबलो. मना तुजं आयकायची सवयच हाय."

लीलाधरला वाटलं, यानं आपल्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. इतके दिवस तो या पोरांच्या नावानं नाक मुरडत होता, आणि आज कोण आडवं आलं? त्याचंच नाक. पुढच्या रांगेत खुर्ची रिकामी होती. त्याला माकडांची किळस आली म्हणून ती रिकामी राहिली होती.

स्टेजवरून निकेत माईकवर त्याचं नाव पुकारत होता. लीलाधर उठला. त्यानं दत्तारामचा हात धरला आणि पायऱ्या उतरत, मोबाईल उगारलेल्या हातांमधून वाट काढत त्याला पहिल्या रांगेत आणून बसवलं. मग स्टेजवर चढून माईक हातात घेतला.

"शेवटचा शॉट परत लाव," तो निकेतला म्हणाला. पोरांनी थिएटर डोक्यावर घेतलं. "थांबा. आधी ऐका. हा विनोद नाही. दत्तारामला त्या दिवशी होडीवर जायचं होतं. भाऊ वाट बघत होता. मी जाऊ दिलं नाही. थांब म्हणून मी ओरडलो, ते हे वाक्य. धनेश एकटा गेला आणि बुडाला."

कुणीतरी हसलं. मग आणखी पाचसात जण. चेहरा गंभीर ठेवून चेष्टा करायची हीच तर म्हाताऱ्याची तऱ्हा, असं त्यांना वाटलं असावं. मागून कुणी शिट्टीही मारली. लीलाधरनं माईक तोंडापासून खाली घेतला.

तेव्हा दत्ताराम उठला. त्यानं स्टेजच्या कडेला येऊन हात वर केला, आणि लीलाधरनं खाली वाकून माईक त्याच्या हातात दिला.

"हसा," दत्ताराम म्हणाला. "मना राग न्हाय. पन बसून हसा. मना माजा भाऊ बगायचाय."

हिनानं आपल्या ओठावरची अर्धी मिशी हळूच काढली. एकेक करत सगळे बसले. खुर्च्यांचा खडखडाट थांबला, दिवे गेले, आणि लीलाधर दत्तारामच्या शेजारी येऊन बसला.

पडद्यावर ऊन आलं, धक्का आला. नवरदेव येऊन उभा राहिला. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, जिथं साडी सेलची पट्टी असायची, जिथपासून मोबाईलवर चित्र छाटलेलं असायचं, तिथं एक होडी होती. होडीत एक सडपातळ पोरगा उभा, डोक्यावर लाल टोपी. शॉटमधली ही होडी लीलाधरनं आज पहिल्यांदा पाहिली.

"तो बग," दत्तारामनं त्याचं मनगट पकडलं. "टोपी माजी हाय ती. विचारल्याबिगर घेतली मेल्यानं." आणि तो हसला. नवरदेवाची मिशी सुटली, फडफडली, तेव्हा तर तो मोकळेपणानं खो खो हसला, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. मागं कुणीच हसत नव्हतं.

होडीतल्या पोरानं वल्हं उचललं आणि डोक्यावर हलवलं. एकदा, दोनदा. ये, ये, असं. पुन्हा हलवलं. धक्क्यावरच्या नवरदेवानं त्याच्याकडे एक पाऊल टाकलं.

आता ते वाक्य येणार होतं. लीलाधर खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. मागं तीनशे माणसं होती, सगळ्यांना ते पाठ होतं, आणि या शॉटवर ती कधी गप्प बसलेली नव्हती. कुणीतरी ओरडा, त्यानं मनातल्या मनात विनवलं. नेहमीसारखे ओरडा रे, अंगात आल्यासारखे ओरडा, एकानं तरी.

कुणीच ओरडलं नाही. त्या शांततेत त्याचा चाळिशीतला आवाज स्वच्छ ऐकू आला, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत.